माणुसकी आहे, सराव नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘माणुसकी उरली नाही’ अशा सुराची पत्रे आपल्या वाचकांच्या सदरात अधूनमधून येतात. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला कुणी जागा देत नाही, रस्त्यात कुणी कोसळले तर लोक बघत उभे राहतात, मोबाइल काढून चित्रण करतात, वगैरे. तक्रार खोटी नाही, पण निदान चुकते आहे असे मला वाटते. बहुतेकांना मदत करायची असते. ती कशी करायची हे कुणी शिकवलेले नसते आणि भलतेच काही करून फजिती होण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असा हिशेब माणूस दोन सेकंदांत करून टाकतो. तेवढ्यात बस पुढे गेलेली असते.

आधी इच्छेचा मुद्दा निकालात काढू. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत मिळून १७ हजारांहून जास्त पाकिटे ‘आत्ताच सापडले’ असे सांगून बँका, टपाल कार्यालये, हॉटेले अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आली. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांच्या मालकाला कळवले गेले. थोडी रक्कम असलेल्या पाकिटांत हे प्रमाण ५१ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे पैसे दिसले तेव्हा प्रामाणिकपणा वाढला. अंदाज विचारला होता तेव्हा सामान्य लोकांनी नेमके उलटे सांगितले होते आणि अर्थतज्ज्ञांनाही ही वाढ ओळखता आली नव्हती.

दुसरा अभ्यास २०२० चा. लँकेस्टर, अॅमस्टरडॅम आणि केपटाऊन या तीन शहरांत रस्त्यावर झालेल्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यातले चित्रण संशोधकांनी तपासले. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक त्रयस्थ माणूस मध्ये पडला होता आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी तो नुसता पाहिला, कुणी हलले नाही, ही बातमी जगभर गेली आणि पुढे पाठ्यपुस्तकांतही शिरली. ती बातमी चुकीची आणि फुगवलेली होती, हे छापणाऱ्या वर्तमानपत्रानेच २०१६ मध्ये मान्य केले. एक शेजारीण धावत खाली उतरली होती आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिला धरून बसली होती. ही गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. वर्तमानपत्राला लिहितो आहे म्हणून हे मुद्दाम आठवण करून देतो.

मग माणसे अडतात कुठे? १९६८ च्या एका प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला गेला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. शेजारी प्रयोगकर्त्यांचीच दोन माणसे मुद्दाम ढिम्म बसलेली असली तर १० टक्केच गेले. ‘हे दोघे शांत आहेत, म्हणजे काही विशेष नसेल’ असे वाटते. खऱ्या गर्दीत तर प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून हेच ठरवतो. १९७३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात वाटेत कण्हत बसलेल्या माणसापाशी घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. ते सगळे धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते, हे जाता जाता सांगायला हवे.

यातून व्यवहारात उतरणारी गोष्ट एकच. गर्दीला उद्देशून ‘अहो, कुणीतरी फोन करा’ असे ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि सांगा, ‘तुम्ही, निळा सदरा, रुग्णवाहिकेला फोन करा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’ काम नेमून दिले की माणूस चटकन हलतो. एक जण हलला की मघापासून उभे असलेले आणखी दोघे-तिघे आपणहून पुढे होतात.

आता कसबाबद्दल. सर्वांत जास्त चुका पांढरी काठी घेतलेल्या अंध माणसाच्या बाबतीत होतात. लोक चांगल्या मनाने जातात आणि त्याचे दंड मागून पकडून त्याला ढकलत रस्त्याच्या पलीकडे नेतात. कित्येकदा त्याला पलीकडे जायचेच नसते. समोरून किंवा बाजूने जवळ जा, साध्या आवाजात ‘नमस्कार, काही मदत करू का?’ असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. आवाज चढवू नका, कारण त्याला ऐकू येत असते. ‘हो’ म्हणाला तर आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या हाताला हलकेच टेकवा. तो आपल्या कोपराच्या जरा वर धरेल. धरायचे त्याने, आपण नाही. कोपर अंगालगत ठेवून त्याच्या अर्धे पाऊल पुढे चाला. तुमचे अंग वळले, थांबले, खाली गेले की ते त्याला हातातून कळते, आणि याच कारणासाठी मागून ढकलणे निरुपयोगी आहे. काठीला हात लावायचा नाही. ती त्याची पुढची जमीन तपासत असते.

वाट अरुंद झाली तर ‘पुढे अरुंद आहे’ असे सांगून आपला हात पाठीमागे घ्या, म्हणजे तो नेमका तुमच्या मागे येतो. जिन्याशी सरळ समोरून जा. तिरके गेलात तर त्याचे एक पाऊल पायरीवर आणि दुसरे हवेत, असे होते. पहिल्या पायरीच्या कडेला पूर्ण थांबा, जिना वर जातो की खाली ते सांगा, त्याचा मोकळा हात कठड्यावर ठेवायला मदत करा आणि तुम्ही एक पायरी पुढे राहा. शेवटची पायरी संपली की पुन्हा थांबून ‘जिना संपला’ म्हणा. नसलेल्या पायरीवर टाकलेले पाऊल माणसाला चांगलेच हादरवते. खुर्चीवर बसायचे असेल तर खांद्यावर दाब देऊन बसवू नका. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा आणि खुर्चीचे तोंड कुठे आहे ते सांगा. पुढचे तो बघून घेईल.

धोका असेल तेव्हा ‘सांभाळा!’ ओरडणे व्यर्थ आहे. सांभाळायचे म्हणजे थांबायचे, वाकायचे की बाजूला व्हायचे? ‘थांबा’ म्हणा, मग कारण सांगा. ‘तिकडे’, ‘इथे’ हे शब्दही टाळा. ‘तुमच्या उजव्या हाताला, तीन पावलांवर’ असे बोला. आणि निघताना ‘मी आता निघतो’ हे सांगायला विसरू नका. त्याला मोकळ्या जागेच्या मधोमध सोडू नका. भिंत, खांब किंवा कठडा हाताला लागेल अशा ठिकाणी आणा आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगा. लोक काही न बोलता निघून जातात आणि हा माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो. मदतीतला सगळ्यात वाईट क्षण तोच. मार्गदर्शक कुत्रा बरोबर असेल तर त्याला गोंजारू नका, खायला देऊ नका. तो कामावर आहे.

व्हीलचेअरला विचारल्याशिवाय हात लावणे म्हणजे चालत्या माणसाला न विचारता उचलण्यासारखेच. विचारा, आणि कुठे धरायचे तेही विचारा. हातांचे टेकू, पाय ठेवायच्या पट्ट्या आणि काही खुर्च्यांची चाकेसुद्धा काढता येण्याजोगी असतात. घाईत तिथे धरून उचलले की तो भाग हातात येतो आणि खुर्ची कलंडते. ढकलण्यापूर्वी ‘निघू का?’ म्हणा. पाय ठेवायच्या पट्ट्या पुढे आलेल्या असतात, त्यामुळे वळताना समोरच्याच्या नडग्या आणि बसलेल्याचे अंगठे, दोन्हींचा विचार करा. पुढची छोटी चाके फटीत अडकली तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो, म्हणून खडबडीत जागी हळू.

फूटपाथवरून खाली उतरवताना खुर्ची उलटी फिरवा आणि मागची मोठी चाके आधी, सावकाश उतरवा. चढताना तोंड पुढे. मागे खाली एक पायाने दाबायचा दांडा बहुतेक खुर्च्यांना असतो, तो दाबून पुढची चाके वर टेकवा आणि मोठी चाके कडेला भिडल्यावर पुढे ढकला. तीव्र उतारावरही उलटेच उतरवणे सुरक्षित. थांबलात की दोन्ही ब्रेक लावा, एक नव्हे. जिन्यावरून चार जणांनी खुर्चीसकट माणूस उचलण्याचा उत्साह आवरावा. प्रशिक्षण नसेल तर लिफ्ट किंवा कर्मचारी शोधणे हीच खरी मदत. मोटारीवर चालणारी खुर्ची तर मुळीच उचलू नका. बॅटरीसह तिचे वजन अनेकदा शंभर किलोच्या वर जाते.

कुबड्या असलेल्या माणसासाठी दार उघडताना एक बारीक गोष्ट. तो कधी कधी तोल सावरण्यासाठी त्याच दारावर रेललेला असतो. पलीकडून तुम्ही ‘मदत’ म्हणून दार खसकन ओढले की तो तोंडावर पडतो. आधी बोला, मग ओढा. त्याचा दंडही धरू नका, कारण कुबडीवरचा भार तिथूनच जातो. आणि कुणी खूप लांब असताना दार धरून उभे राहू नये. त्या बिचाऱ्याला उगाच धावावे लागते.

जागा देण्याबाबत थोडक्यात. ‘तुम्हाला बसायचंय का?’ या प्रश्नाला संकोचाने ‘नको’ असेच उत्तर येते. आधी उठा, मग ‘बसा’ म्हणा. जागेवर पिशवी किंवा हात ठेवून उठा, नाहीतर तिसराच कुणी चपळाईने बसतो. वय विचारू नका, ‘दिवस गेलेत का?’ हे तर कधीच नाही. काही आजार बाहेरून दिसत नाहीत. तरुण माणसाने जागा मागितली तर पुरावा मागायचा नसतो. सत्तरच्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोणतेही कारण न देता लोकांना जागा मागितली आणि सुमारे ६८ टक्के वेळा ती मिळाली. ‘उभ्याने पुस्तक वाचता येत नाही’ असे फुटकळ कारण दिल्यावर आकडा ४२ पर्यंत घसरला. ज्याला गरज आहे त्याने सरळ मागावे, सबबी जुळवू नयेत.

बाबागाडी जिन्यावरून उतरवायला हात लावणार असाल तर बाळ पट्ट्याने बांधलेले आहे ना, ते आधी पाहा. पालकाने मुठीच्या बाजूला, वर राहावे. तुम्ही खाली, पुढच्या चाकांजवळचा पक्का सांगाडा धरा. बाळाच्या समोरची आडवी दांडी हातात सोपी येते, पण तीच अनेकदा निघणारी असते. ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचला. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेऊच नका.

रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडले की लोक पहिली चूक करतात ती त्याला उठवून बसवण्याची. रक्तदाब क्षणभर घसरून मेंदूला रक्त कमी पोहोचते, म्हणून माणूस कोसळतो. आडवा पडल्यावर रक्त पोहोचू लागते आणि नेमके तेव्हाच आपण त्याला उभा करतो! सपाट झोपू द्या, पाय फूटभर उचलून पिशवीवर ठेवा, गळ्याजवळचे घट्ट काही असेल तर सैल करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर रुग्णवाहिका बोलवा आणि श्वास बघत राहा. शुद्ध नसेल आणि श्वासही नेहमीसारखा चालत नसेल तर वाट बघू नका. छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागा.

फिट आली असेल तर घड्याळ बघणे हे पहिले काम. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली घडी केलेले कापड सरकवा, चष्मा काढा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, कापड, बोट काहीही घालू नका आणि नाकाशी काही हुंगायला धरू नका. जीभ गिळली जाते हा समज चुकीचा आहे, दात मात्र खरेच तुटतात. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाहीत, लागोपाठ दुसरी फिट आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली किंवा ही पहिलीच वेळ असली तर रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला असतो. तो कुठे आहे, काय झाले, हे हळू आवाजात सांगा. कधी कपडे ओले झालेले असतात. त्यावर एखादे जाकीट टाका आणि भोवतालच्या चार-पाच जणांना पाठ त्याच्याकडे करून उभे राहायला सांगा. गर्दीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

चुकलेले मूल दिसले तर त्याचा हात धरून शोधत फिरू नका. पालक शेवटचे जिथे पाहिले तिथेच परत येतात. गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बोला, शेजारच्या एखाद्या अनोळखी माणसालाही जवळ थांबवा. दोघे असणे मुलासाठीही बरे आणि तुमच्यासाठीही. गणवेशातल्या कर्मचाऱ्याला तिथेच बोलवा. मुलाचे नाव मोठ्याने पुकारू नका, नाहीतर ते ऐकून कुणीही ‘ये रे बाळा’ म्हणत येईल. ‘हे तुझे बाबा का?’ असे मुलाला विचारण्याऐवजी आलेल्या माणसाला मुलाच्या कपड्यांची, बुटांची खूण विचारा.

एखाद्या बाईला कुणी त्रास देत असेल तर त्रास देणाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा तिच्याशी बोला. ‘अगं, किती दिवसांनी!’ असे ओळखीच्या सुरात म्हणत दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहा, पुढचा थांबा कोणता ते विचारा. त्याला हवा असलेला एकटेपणा मोडला की बहुतेक वेळा तो सरकतो. मग तिला सोबत हवी आहे का, ते विचारा. चित्रण केले असेल तर ते तिच्या हवाली करा, परस्पर कुठेही टाकू नका.

पत्ता सांगताना विचारणाऱ्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा, म्हणजे डावे-उजवे उलटत नाही. तीनपेक्षा जास्त वळणे लक्षात राहत नाहीत. तीन सांगा आणि पुढचे तिथे विचारा म्हणा. ‘अमुक दिसले तर पुढे आलात, मागे फिरा’ ही खूण सोन्याची. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणणे हीसुद्धा मदत आहे. आपल्याकडून ती सर्वांत कमी होते!

कमी ऐकू येणाऱ्याशी उजेडाकडे तोंड करून, ओठ न झाकता बोला. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. जमले नाही तर मोबाइलवर टाइप करून दाखवा. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये.

मदत मागणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मोघम बोलू नका. ‘जरा बघा ना’पेक्षा ‘ही पेटी वरच्या फळीवर ठेवाल का?’ याला होकार लवकर मिळतो. नकाराची भीतीही अवाजवी असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की लोक मनाशी जितक्या जणांना विचारावे लागेल असे धरतात, त्याच्या जवळजवळ निम्म्यांनाच प्रत्यक्षात विचारावे लागते. आणि मदत नको असेल तर ‘नको, जमतंय मला, धन्यवाद’ एवढे पुरते. असे उत्तर ऐकून फुरंगटणाऱ्या मदतनीसाने आपण मदत कुणासाठी करायला निघालो होतो, ते तपासावे.

शेवटी एक विनंती. सार्वजनिक ठिकाणी ‘ज्येष्ठांचा आदर करा’, ‘माणुसकी जपा’ असे फलक खूप असतात. त्यांच्या जागी कृती लिहावी. एका फलकावर एकच कृती, दोन ओळींत, एका चित्रासह, आणि लोक जिथे नाइलाजाने थांबतात तिथे, डोळ्यांच्या उंचीवर: लिफ्टच्या दाराशेजारी कुबड्यांचा, जिन्याच्या तोंडाशी बाबागाडीचा, फलाटावरच्या बाकासमोर फिट आलेल्या माणसाचा, रस्ता ओलांडण्याच्या दिव्याखाली कोपर कसे द्यायचे त्याचा. तीच चित्रे आपल्या वर्तमानपत्राने आठवड्याला एक अशी, वाचकांच्या पत्रांच्या पानावरच्या कोपऱ्यात छापली तर पहिले चित्र कोपराचे असावे. सर्वांत जास्त चुकते ते तेच.

कळावे,

आपला,
एक वाचक